बारामतीहून बारामतीला, व्हाया इटली

बारामती एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्याची शेड डोळ्यांसमोर आणा. एका टोकाला लाइन सुपरवायझर उभा आहे, त्याच्या फोनमध्ये इथलंच सिम. दुसऱ्या टोकाला, साधारण ३० मीटरवर, इटलीहून आलेला इंजिनिअर. त्याच्या फोनमध्ये इटलीचं सिम, रोमिंग चालू. मशिनांच्या घरघरीत हाक पोचेना, म्हणून सुपरवायझरने त्याला फोन लावला. रिंग वाजली, समोरच्याने उचलला, दोन वाक्यांत काम झालं.

हा आवाज गेला कुठून? शेडमधून टॉवरवर, टॉवरवरून मुंबईच्या किनाऱ्यावर, मग अरबी समुद्र, तांबडा समुद्र आणि भूमध्य समुद्राच्या तळाने थेट इटलीत. इटलीत पोचून पुन्हा माघारी: तेच समुद्र, तीच मुंबई, तीच बारामती, तीच शेड. एका बाजूचा रस्ता ८ हजार किलोमीटर धरला, तरी ३० मीटरवरच्या माणसाशी बोलायला आवाजाने १६ हजार किलोमीटर पालथे घातले.

आता उलटा फोन करून बघा. इटालियन इंजिनिअरने सुपरवायझरचा नंबर लावला, तर जुन्या २जी-३जी पद्धतीत आवाज इटलीला जातच नाही. इथल्या इथे जोडला जातो. म्हणजे माणसं तीच, फोन तेच, शेडही तीच. पण एका दिशेचा फोन गल्लीतून जातो आणि दुसऱ्या दिशेचा युरोपला वळसा घालून येतो. टेलिकॉमवाले याला ट्रॉम्बोनिंग म्हणतात. रोमिंगचं बिल आणि घरून लावलेल्या आयएसडीचं बिल यांत एवढा फरक का, याच्या उत्तराची सुरुवात या वळशापासून होते.

भिगवण रस्त्यावरच्या या एमआयडीसीत इटालियन पाहुणा ही काही नवलाई नाही. महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत धावणाऱ्या ॲपे रिक्षा पियाजिओ कंपनीच्या इथल्याच कारखान्यात तयार होतात. मूळ ॲपे १९४८ सालची. ती आणि तिची १९४६ची थोरली बहीण व्हेस्पा, दोघींचं गाव इटलीतलं पोंतेदेरा. २०१२ पासून व्हेस्पाही बारामतीत बनू लागली. पोरांच्या हट्टाचं किंडर जॉय बनवणाऱ्या फेरेरोचा कारखानाही याच एमआयडीसीत. ती कंपनी इटलीतल्या आल्बा गावची. तेव्हा बारामतीचे इंजिनिअर तिकडे आणि तिकडचे इकडे, ही ये-जा इथे नित्याचीच.

आता तिकडे निघालेल्या आपल्या बारामतीकराबरोबर जाऊ. पोंतेदेराला जायचं तर जवळचा विमानतळ पिसा. विमान टेकतं, तो फ्लाइट मोड बंद करतो आणि पुढच्या काही सेकंदांत जे घडतं, ते थक्क करणारं आहे.

सिमकार्डात आपल्या दहा आकडी मोबाइल नंबरापेक्षा वेगळा, सहसा १५ आकड्यांचा एक क्रमांक असतो. त्याला आयएमएसआय म्हणतात. त्याचे पहिले तीन आकडे म्हणजे देश: भारतासाठी ४०४ किंवा ४०५, इटलीसाठी २२२. पुढचे आकडे कंपनीचे, उरलेले ग्राहकाचे. पिसाच्या टॉवरला हा क्रमांक दिसतो आणि इटालियन नेटवर्कला एवढंच कळतं की हा आपला ग्राहक नाही, भारतातल्या अमुक कंपनीचा आहे. मग ते त्या कंपनीला विचारतं: तुमचा म्हणवणारा हा माणूस खरंच तुमचा का?

खरी गंमत उत्तरात आहे. सिमच्या नखाएवढ्या चकतीत १२८ बिटांची एक गुप्त किल्ली कोरलेली असते. तिची जोड फक्त भारतातल्या कंपनीच्या कॉम्प्युटरात. ही किल्ली कोणालाही, अगदी इटालियन नेटवर्कलाही, सांगितली जात नाही. भारतातली कंपनी एक रँडम संख्या निवडते, किल्ली वापरून तिचं उत्तर काढते आणि संख्या व उत्तर दोन्ही इटलीला पाठवते. इटालियन नेटवर्क फोनला फक्त ती संख्या देतं. सिम आपल्याजवळच्या किल्लीने आतल्या आत गणित सोडवतं आणि उत्तर परत करतं. दोन्ही उत्तरं जुळली की पाहुणा खरा. एका देशाने गणित घातलं, दुसऱ्या देशात ते सुटलं आणि किल्ली काही जागची हलली नाही. एवढं होईपर्यंत आपला इंजिनिअर जेमतेम सीटवरून उठलेला असतो. खिशातला फोन थरथरतो: इटलीत स्वागत आहे, दर असे असे आहेत.

त्याच वेळी भारतातल्या कंपनीच्या मूळ नोंदवहीत, म्हणजे एचएलआरमध्ये, एक ओळ बदलते: हा ग्राहक सध्या इटलीत, अमुक नेटवर्कवर. ४जीमध्ये या नोंदवहीचं नाव एचएसएस झालं, काम तेच.

आता इंदापुरातून त्याची आत्या फोन लावते. तिने नेहमीचेच दहा आकडे दाबले. भाचा इटलीत आहे हे तिला माहीत असो-नसो, तिच्या नेटवर्कला तर मुळीच माहीत नाही. कॉल भाच्याच्या कंपनीकडे जातो. कंपनी नोंदवही बघते आणि इटालियन नेटवर्कला विचारते, याला कुठल्या नंबरवर गाठू? ते नेटवर्क आपल्याकडचा, +३९ने सुरू होणारा एक तात्पुरता नंबर काही सेकंदांसाठी उसना देतं. भारतातली कंपनी त्या नंबरवर सरळ एक आंतरराष्ट्रीय कॉल लावते आणि आत्याचा आवाज त्याला जोडून देते. काम झालं की तो नंबर दुसऱ्या कुणासाठी मोकळा. गावच्या पत्त्यावर आलेलं पत्र घरच्यांनी नव्या पाकिटात घालून परगावच्या मुलाला पाठवावं आणि दुसऱ्या तिकिटाचे पैसे त्याच्याच खात्यावर मांडावेत, तसा हा व्यवहार.

रोमिंगमध्ये आलेला फोन उचलायलाही पैसे पडतात, ते यामुळे. आत्याने भारतीय नंबर लावला, तिचं देणं भारतापुरतं. पुढे जो आंतरराष्ट्रीय कॉल लागला तो भाच्याच्या वतीने लागला, म्हणून त्याचा खर्च भाच्याचा. आपल्याकडे १ मे २००३ पर्यंत देशातल्या देशातही मोबाइलवर आलेल्या कॉलचे पैसे मोजावे लागत. त्यानंतर ‘जो फोन करेल तो पैसे देईल’ हा नियम रुळला आणि इनकमिंगला पैसे पडतात ही गोष्टच आपण विसरून गेलो. परदेशी रोमिंगमध्ये ती अजून जिवंत आहे.

यातही आपल्या लोकांनी शोधून काढलेली पळवाट आहे: मिस्ड कॉल. आत्याने दोन रिंग देऊन ठेवून दिला, तरी नोंदवही उघडली, इटलीला विचारणा झाली, तात्पुरता नंबर दिला गेला, पिसात फोन वाजला. एवढा खटाटोप होऊन बिल शून्य, कारण मीटर फोन उचलल्यावर पडतं. मात्र ‘उचलला नाही तर दुसऱ्या नंबरवर फॉरवर्ड’ अशी सोय चालू ठेवून गेलात तर उलटं होतं. कॉल आधी इटलीला जातो, तिथे कोणी उचलत नाही, मग तो फॉरवर्ड होऊन भारतात परत येतो. तुम्ही ‘हॅलो’ही म्हटलेलं नसताना दोन आंतरराष्ट्रीय फेऱ्यांचं बिल लागू शकतं. निघण्याआधी फॉरवर्डिंग बंद करा, असं सांगतात ते उगीच नाही.

आता सुरुवातीच्या शेडमधल्या फोनचा हिशेब सहज लागेल. सुपरवायझरने +३९चा नंबर लावला, म्हणून त्याच्या माथी इटलीची आयएसडी. इटलीच्या कंपनीने तो कॉल भारतात पाठवला, म्हणून इंजिनिअरच्या माथी रोमिंगचं इनकमिंग. दोघांनीही परदेशाचे पैसे भरले आणि दोघं उभे एकाच छपराखाली. वेळेचा हिशेब तर आणखी मजेदार. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो; १६ हजार किलोमीटरला ८० मिलिसेकंद लागतात. हवेत आवाज सेकंदाला ३४० मीटर जातो. ८० मिलिसेकंदांत तो २७ मीटर पोचतो. फोनच्या आतल्या प्रक्रियेत जाणारा वेळ सोडला, तर इटलीला जाऊन आलेला प्रकाश आणि शेडच्या या टोकाकडून मारलेली हाक जवळजवळ एकाच वेळी पोचतात!

या सगळ्यापुढे घरून लावलेला आयएसडी कॉल अगदी साधासरळ. इंदापुरातून +३९ लावला की वाट एकच आणि वाटेकरी मोजके: आपली कंपनी, समुद्रापलीकडे नेणारी कंपनी आणि शेवटच्या टप्प्यावर कॉल उतरवून घेणारी इटालियन कंपनी. या उतरवून घेण्याच्या पैशांना टर्मिनेशन शुल्क म्हणतात. उलट दिशेने, परदेशातून भारतात येणाऱ्या कॉलसाठी आपल्या दूरसंचार नियामकाने, म्हणजे ‘ट्राय’ने, १ मे २०२० पासून हे शुल्क मिनिटाला ३५ ते ६५ पैसे अशा पट्ट्यात ठेवलं. म्हणजे पोंतेदेराच्या घरातून बारामतीला लावलेल्या कॉलमध्ये बारामतीतला शेवटचा टप्पा रुपयाच्या आत आटोपतो.

परदेशाशी बोलण्याचा हा मार्ग एवढा स्वस्त व्हायला शंभर वर्षं लागली आणि त्यातले दोन मैलाचे दगड पुणे जिल्ह्यातच आहेत. १९२७ साली भारत-इंग्लंड बिनतारी तारसेवा सुरू झाली. तिचं प्रक्षेपण केंद्र खडकीला होतं आणि इंग्लंडहून येणारे संदेश उतरायचे ते आपल्या शेजारच्या दौंडला. ज्या दौंडहून बारामतीची रेल्वे फुटते, त्याच दौंडच्या माळावर इंग्लंडच्या लघुलहरी झेलल्या जात होत्या. भारत-इंग्लंड बिनतारी टेलिफोन १९३३ साली आला. पुढे १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळच्या आर्वीला, विक्रम उपग्रह भूकेंद्र उभं राहिलं. परदेशाशी व्यापारी दळणवळणासाठी देशातलं ते पहिलं उपग्रह केंद्र. उपग्रह ३६ हजार किलोमीटर उंचीवर. आवाज वर जाऊन खाली येईपर्यंत पाव सेकंद जाणार. जुन्या आयएसडीवर दोघं एकदम बोलू लागायचे आणि मग दोघंही एकदम गप्प व्हायचे, त्याचं एक कारण हा पाव सेकंद.

आज बहुतेक बोलणं समुद्रतळावरच्या केबलींतून जातं. २००५ साली सुरू झालेली ‘सी-मी-वी ४’ मुंबईलाही लागते आणि इटलीतल्या पालेर्मोलाही. परदेशी कॉलवरची विदेश संचार निगमची मक्तेदारी १ एप्रिल २००२ला संपली, खासगी कंपन्या उतरल्या आणि दर झपाट्याने खाली आले.

मग रोमिंगचा दर तसाच का खाली आला नाही? केबल तीच, टॉवर तेच, प्रकाशाचा वेगही तोच. फरक पडतो तो हद्दीचा. बिलात मोजली जाते ती तुम्ही ओलांडलेली हद्द. किलोमीटर कोणी मोजत बसत नाही.

याचा अनुभव घ्यायला परदेशात जायची गरज नव्हती. मोबाइल परवान्यांसाठी सरकारने देशाचे सर्कल पाडले, त्यात महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक सर्कल झालं आणि मुंबई मात्र वेगळं. परिणाम असा की बारामतीचं सिम घेऊन चारशे किलोमीटरवरच्या पणजीला गेलात तरी तुम्ही घरातच. पण त्याच्या साधारण निम्म्या अंतरावरच्या वाशीत शिरलात की स्क्रीनवर रोमिंगची खूण. गोवा आपला आणि मुंबई परकी! मुंबईला पोचताच ‘रोमिंगमध्ये आहे, ठेव, मी करतो’ म्हणणारी माणसं अनेकांना आठवत असतील. पुढे ट्रायने देशांतर्गत रोमिंगचे कमाल दर उतरवत नेले, कंपन्यांतल्या चढाओढीने उरलेलं काम केलं आणि ती खूण निरर्थक झाली. रस्ता होता तेवढाच राहिला. हद्द पुसली गेली.

युरोपात तर याहून मोठा विनोद घडला. १५ जून २०१७ पासून युरोपियन युनियनमध्ये नियम आला की युनियनमधल्या दुसऱ्या देशात गेलात तरी रोमिंगला घरच्याच दराने बोला. झालं असं की पोंतेदेराचा माणूस पॅरिसला जाऊन घरी फोन करी तेव्हा घरचा दर. पण तोच माणूस पोंतेदेरात घरी बसून पॅरिसला फोन लावी, तेव्हा आंतरराष्ट्रीय दर! कारण नवा नियम रोमिंगला लागू होता, घरून लावलेल्या आयएसडीला नव्हता. प्रवास केलेला स्वस्त, घरी बसलेला महाग. शेवटी १५ मे २०१९ पासून युनियनने घरून युनियनमधल्या दुसऱ्या देशात लावलेल्या कॉललाही मर्यादा घातली: कर वगळून मिनिटाला जास्तीत जास्त १९ सेंट. ब्रिटन युनियनमधून बाहेर पडल्यावर तिथल्या काही कंपन्यांनी युरोपातलं रोमिंग शुल्क पुन्हा लावलं. समुद्र हलला नव्हता, केबल तुटली नव्हती. फक्त हद्द परत आखली गेली होती.

भारत आणि इटलीच्या मध्ये असा सामाईक नियामक कोणी नाही. आपला माणूस पिसात बोलला की इटालियन कंपनी त्याच्या प्रत्येक मिनिटाची नोंद ‘टॅप’ नावाच्या ठराविक साच्याच्या फाइलीत भरते आणि भारतातल्या कंपनीला ठोक दराने बिल लावते. अनेकदा ही रक्कम रुपयांत नसते आणि युरोतही नसते; ती असते आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या एसडीआर या हिशेबी एककात. हा ठोक दर दोन कंपन्यांनी आपसांत ठरवलेला. ग्राहकाला तो दिसत नाही, त्यावर घासाघीस करता येत नाही, आणि इटालियन कंपनीला या पाहुण्याला खूश ठेवण्याची घाई नसते. तो चार दिवसांत जाणारच असतो. म्हणून पॅक न घेता गेलात तर मिनिटाचा दर सहज दोन आकडी रुपयांत जातो. रोमिंग पॅक म्हणजे आपल्या कंपनीने हे ठोक मिनिट आधीच भाव करून घेऊन आपल्याला किरकोळीत विकणं.

इंटरनेटचं गणित याहून अजब. रोमिंगमधला डेटा सहसा आधी मायदेशी जातो आणि तिथून जगात बाहेर पडतो. पोंतेदेराच्या चौकात उभं राहून आपल्या इंजिनिअरने कोपऱ्यावरच्या पिझ्झाच्या दुकानाचं पान उघडलं, तर मागणी भारतात येते, भारतातून इटलीतल्या त्या पानाकडे जाते, पान भारतात येतं आणि मग पुन्हा इटलीला त्याच्या फोनवर. वेबसाइटला वाटतं, हा माणूस भारतातच बसलाय. बारामतीतल्या इटालियन पाहुण्याच्या फोनला उलट इटालियन जाहिराती दिसतात, त्या याचमुळे. आता ४जीवर आवाजही डेटाच्याच रूपात जातो, त्याला व्होएलटीई म्हणतात, आणि त्याच्या रोमिंगची रूढ पद्धत अशी की आवाजही आधी घरी नेला जातो. म्हणजे शेडमधला गल्लीतून जाणारा तो उलटा फोनसुद्धा हळूहळू इटलीच्या वारीला लागणार.

या पाहुणचाराचा फायदा भामट्यांनीही उचलला. भारतीय माणूस इटलीतून घरी फोन करतो तेव्हा परदेशातून आलेल्या कॉलवर +९१चा नंबर दिसणं रास्तच आहे. फसवणूक करणारे परदेशातून तसाच खोटा नंबर दाखवून कॉल करू लागले. २२ ऑक्टोबर २०२४ला केंद्र सरकारने असे कॉल अडवणारी यंत्रणा सुरू केली आणि पहिल्या २४ तासांत तिने १ कोटी ३५ लाख खोटे कॉल हेरले. भाचा खरंच परदेशात आहे की त्याच्या नंबराचा मुखवटा घालून कोणी भलताच बोलतोय, हे ओळखायला ती जुनी नोंदवही आता आणखी कामाची ठरते.

घरात कोणी परदेशी निघालं असेल तर एवढं ध्यानात ठेवावं. जाणाऱ्याने पॅक घ्यावा आणि त्याचा ‘दिवस’ पहिल्या वापरापासून २४ तासांचा की कॅलेंडरचा, हे वाचून घ्यावं. ओटीपीपुरतं भारतीय सिम चालू ठेवायचं असेल तर डेटा रोमिंग बंद ठेवावं. येणारे एसएमएस बहुतेक योजनांत फुकट असतात. विमानात किंवा क्रूझवर फोनला उपग्रहाचं नेटवर्क सापडू शकतं. त्याचा देश क्रमांक ९०१, म्हणजे कुठल्याच देशाचा नाही, आणि इटलीचा पॅक तिथे चालेलच असं नाही. मोठा मुक्काम असेल तर तिकडचं सिम घ्यावं आणि घरच्यांनी त्या +३९च्या नंबरवर आयएसडी लावावी. मग हद्द एकदाच ओलांडली जाते आणि पैसेही एकदाच पडतात. दोन्हीकडे वायफाय असेल तर व्हॉट्सॲप आहेच. त्याला देशाच्या हद्दीशी देणंघेणं नाही.

आणि इंदापूरच्या आत्यासाठी एक सूचना. इटलीचं घड्याळ उन्हाळ्यात आपल्या साडेतीन तास मागे असतं, हिवाळ्यात साडेचार. सकाळी आठला चहाचा कप हातात घेऊन भाच्याला फोन लावाल, तर तिकडे उन्हाळ्यात पहाटेचे साडेचार वाजलेले असतील. इनकमिंगचे पैसे तो आनंदाने भरेल, पण साडेअकरानंतर.